बर्फात डिफ लॉक लागत नाही, लागला तर सुटत नाही: आधी काय बघायचं

डिफ म्हणजे डिफरन्शियल, एका ॲक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच, आणि डिफ लॉक ती दोन्ही चाकं एकत्र बांधतो. दर हिवाळ्यात मला एकच फोटो येतो, फक्त पाठवणारा वेगळा असतो. डॅशबोर्डवर डिफ लॉकचा पिवळा दिवा लुकलुकतोय, गाडी बर्फात रुतलीय आणि खाली लिहिलंय, "लॉक गेला वाटतं, काय करू?" हा त्रास मी माझ्या गाडीवर तीनदा आणि सोबतच्या लोकांच्या गाड्यांवर त्याहून कितीतरी जास्त वेळा निस्तरलाय, म्हणून सांगतो, बहुतेक वेळा लॉक गेलेला नसतो. कारण डिफच्या बाहेरच सापडतं, हातात, टायरमध्ये, वायरमध्ये नाहीतर एखाद्या गोठलेल्या नळीत. तरीही लोक सगळ्यात आधी डिफ उघडायला जातात, आणि उघडलेला डिफ नीट बसवणं हे मूळ दुखण्यापेक्षा मोठं काम आहे. म्हणून फुकट आणि सोप्या गोष्टी आधी, अवघड शेवटी, याच क्रमाने लिहितोय, मधली पायरी गाळू नका.

लक्षणं

- बटण दाबलं, दिवा लुकलुकतो पण स्थिर होत नाही, आणि एकच चाक गरगर फिरतं.
- बटण दाबलं तरी दिवाच लागत नाही, खालून टक असा आवाजही नाही.
- दिवा स्थिर आहे, पण फिरतंय एकच चाक.
- लॉक बंद केला तरी दिवा जात नाही, वळणावर स्टिअरिंग जड लागतं, टायर घासल्यासारखे ओढतात आणि मधेच खालून धाडकन आवाज येतो.
- सकाळी लागत नाही, अर्धा तास गाडी चालवली की लागतो.
- लॉक व्यवस्थित लागलाय, पण गाडीची मागची बाजू उताराकडे सरकत जाते. हा बिघाड नाहीच, पण बिघाड म्हणूनच सांगितला जातो, त्यामुळे यावर खाली सविस्तर लिहिलंय.

पुढचं समजायला एवढं डोक्यात असू द्या. साधा डिफ दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, म्हणजे एक चाक गुळगुळीत बर्फावर असेल तर त्याला जेवढा जोर पेलतो तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो, मग ते दुसरं चाक कोरड्या मातीवर का असेना. लॉक लावला की दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे ज्याला पकड आहे ते ओढून काढतं. पण वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आणि लॉक ते करू देत नाही. लॉकचा फायदा आणि त्रास दोन्ही याच एका गोष्टीतून येतात.

पहिलं: तुमचा लॉक कुठल्या जातीचा आहे आणि त्याच्या अटी काय आहेत

हे फुकट आहे, गाडीत बसून होतं आणि निम्म्या तक्रारी इथेच संपतात. बऱ्याच गाड्यांमध्ये बटणाचा लॉक फक्त फोर लोमध्ये (चारही चाकांना जोर, पण कमी वेगाचा आणि जास्त ताकदीचा गिअर) आणि कमी स्पीडलाच लागतो. फोर हायमध्ये (चारही चाकांना जोर, नेहमीच्या वेगाचा) बटण दाबत बसलात तर गाडी ऐकणारच नाही, आणि ती बरोबरच करते. जीपच्या रँग्लर रुबिकॉनमध्ये आधी मागचा आणि मग पुढचा, मर्सिडीजच्या जी क्लासमध्ये आधी मधला (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मधला), मग मागचा आणि शेवटी पुढचा, असा क्रम ठरलेला आहे. क्रम चुकला की लॉक लागत नाही. थंडीत दुसरी गोष्ट अशी होते की फोर लोचा लिव्हर किंवा नॉब फिरवला तरी ट्रान्सफर केस (इंजिनचा जोर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला वाटणारा गिअरचा डबा) पूर्ण बसलेली नसते. आतलं तेल घट्ट असतं, दाते समोरासमोर आलेले नसतात, मग फोर लोचा दिवासुद्धा लुकलुकत राहतो आणि आपण मात्र डिफच्या दिव्याकडे बघत बसतो. आधी फोर लोचा दिवा स्थिर करा, गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन फूटभर पुढेमागे ढकलली जाऊ द्या आणि परत लावा.

ज्यांच्या गाडीत ईटन कंपनीचा मेकॅनिकल लॉक आहे त्यांनी बटण शोधूच नये, त्याला बटण नसतंच. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की तो आपोआप लागतो, आणि ताशी ३० किलोमीटरच्या आसपासच्या पुढे लागतच नाही. हे लोक बर्फावर चाक जरा फिरलं की घाबरून पाय काढतात, मग फरक तेवढा होतच नाही आणि लॉक लागायची वेळच येत नाही. इथे ॲक्सिलरेटर हळू पण सलग द्यायचा, लॉक लागल्याचा धक्का जाणवला की लगेच पाय हलका करायचा. बटणाच्या लॉकना मात्र याच्या अगदी उलट वागणूक लागते, ती पुढे येतेच.

दुसरं: लुकलुकणारा दिवा

दिवा लुकलुकतोय म्हणजे बऱ्याच गाड्यांमध्ये एवढाच अर्थ असतो की बटणाचा हुकूम पोचलाय, पण आतले दाते अजून एकमेकांत बसलेले नाहीत. दात्यासमोर दाता आला तर बसणार कसा, थोडं सरकून त्याला खाच मिळायला हवी, आणि सरकायचं असेल तर दोन चाकांत थोडा फरक पडायला हवा. कोरड्या जमिनीवर आपण नकळत चार फूट वळत पुढे जातो आणि टक करून बसतो. बर्फात गाडी जागेवरच उभी, हालचाल शून्य, मग दिवा लुकलुकतच राहतो.

काय करायचं: ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा, फिरणारं चाक थांबू द्या, मग बटण दाबा. गाडी थोडीशी हलत असेल तर स्टिअरिंग डावीकडे उजवीकडे पाव पाव फेरा देत चालण्याच्या वेगाने पुढे जा, नाहीतर मागे या. अजिबातच हलत नसेल तर पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी अलगद सोडा, ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक हळूहळू सोडा, मोकळं चाक पाऊण फेरा सावकाश फिरलं तरी पुरतं. मी खिडकी उघडून डोकं बाहेर काढतो आणि मागच्या चाकाकडे बघत हे करतो, चाक फिरतं, फिरतं आणि अचानक थबकतं, त्याच क्षणी दुसऱ्या बाजूचं चाकही त्याच्याबरोबर सरकतं आणि डॅशवरचा दिवा स्थिर होतो. एकदा हे डोळ्याने बघितलं की नंतर कधी गोंधळ होत नाही.

चाक जोरात फिरत असताना बटण दाबू नका, यावर मी हट्टी आहे. फिरणारं चाक आणि थांबलेलं चाक एका फटक्यात जोडलं गेलं की तो सगळा धक्का दात्यांवर आणि हाफशाफ्टवर (डिफपासून चाकापर्यंत जाणारा दांडा) येतो, आणि हाफशाफ्ट तुटला तर बर्फातून बाहेर यायला दुसरी गाडीच लागते. शहाणपणा याच्यात आहे की बर्फाचा पट्टा समोर दिसतोय, तिथे रुतायच्या आधी, कडक जमिनीवर असतानाच लॉक लावून घ्यायचा आणि पार झालो की लगेच काढायचा.

तिसरं: सुटत नाही

यात घाबरायला होतं हे खरं, पण कारण साधं असतं. लॉक लागलेला असताना वळलात की दोन्ही बाजूंच्या शाफ्टमध्ये पीळ बसतो, आणि तो पीळ दात्यांना दाबून धरतो. बटण बंद केलं तरी स्प्रिंगला तेवढी ताकद नसते की दाबलेला दाता ओढून काढेल. म्हणून ताण सोडवा: स्टिअरिंग एकदम सरळ, बटण बंद, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा, दहावीस फूट सरळ जा. नाही सुटला तर थांबून तेवढंच रिव्हर्समध्ये सरळ या. तरीही नाही तर स्टिअरिंग थोडं एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, हळू. एक चाक भुसभुशीत बर्फावर असेल तर ते थोडं घसरतं आणि पीळ आपोआप निघतो, त्यामुळे हे काम डांबरी रस्त्यावर पोचायच्या आधी करा, डांबरावर टायर घसरत नाही आणि पीळ तसाच राहतो. काही इलेक्ट्रिक लॉक रिव्हर्स घेताना क्षणभर सुटून परत लागतात आणि टक असा आवाज येतो, तो बिघाड नव्हे.

ज्या गाडीत मधला डिफ नाही, म्हणजे पार्ट टाइम फोर व्हील ड्राइव्ह, तिथे फोर हाय किंवा फोर लोमुळेच पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये असाच पीळ बसतो, आणि लोक तो डिफ लॉकच्या माथी मारतात. आधी डिफ लॉक काढा, मग टू हायमध्ये (फक्त दोन चाकांना जोर) या, आणि एकेका पायरीला दिवा विझला का ते बघा, म्हणजे नक्की अडकलंय काय ते कळेल.

दिवा विझल्यावर एबीएसचा दिवाही बघा. बऱ्याच गाड्या लॉक लावला की एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोल बंद करतात, कारण जोडलेल्या चाकांना वेगवेगळा ब्रेक लावता येत नाही. लॉक सुटला असं समजून घाट उतरायला लागायचं आणि एबीएस मात्र बंदच, हे मला अजिबात नको असतं, म्हणून मी नेहमी दोन्ही दिवे विझल्याशिवाय स्पीड वाढवत नाही.

चौथं: लॉक लागलाय, पण गाडी आडवी जाते

यावर जरा जास्त लिहितो कारण इथे माणसं जखमी होतात. डोंगरातल्या एका रस्त्यावर माझ्या पुढे मित्राची गाडी होती. रस्ता दरीच्या बाजूला कललेला, सावलीत काचेसारखा बर्फ, आणि त्याने खबरदारी म्हणून मागचा लॉक लावून ठेवलेला. चढाला जरा ॲक्सिलरेटर दिला आणि गाडीचं तोंड सरळ राहून मागची बाजू हळूहळू कडेकडे सरकायला लागली, अगदी सावकाश, कोणीतरी हाताने ढकलत असल्यासारखी. मी मागून हॉर्न वाजवत होतो, त्याला वाटलं मी घाई करतोय. कडेला साठलेल्या बर्फाच्या ढिगाला चाक टेकलं म्हणून थांबली. खाली उतरून त्याने पहिलं काय केलं तर गाडीखाली वाकून लॉक बघितला. तो व्यवस्थित लागलेला होता, आणि नेमकं तेच कारण होतं.

टायरकडे पकड मोजकीच असते. ती पुढे ढकलण्यात खर्च झाली तर आडवं धरून ठेवायला उरत नाही. लॉक नसताना एक चाक फिरतं, पण दुसरं चाक शांत राहतं आणि ते शांत चाक गाडीला नांगरासारखं धरून ठेवतं. लॉक असताना दोन्ही एकदम फिरतात, मग नांगरच उरत नाही आणि गाडी जिकडे उतार तिकडे जाते. त्यामुळे कललेल्या बर्फाळ रस्त्यावर लॉक काढा, फोर हाय ठेवा, वरचा गिअर घेऊन अलगद चढा. पुढचा लॉक तर आणखी फसवा, स्टिअरिंग फिरवलंत तरी गाडी सरळच जाते, त्यामुळे तो सरळ रेषेत रुतल्यावर बाहेर निघण्यापुरताच लावा. ॲक्सिलरेटरवर आपोआप लागणारे सुटणारे ऑटोमॅटिक लॉकर असतील तर बर्फाळ वळणावर पाय एकसारखा ठेवा, मधेच सोडणं आणि मधेच दाबणं या दोन्हीने मागची बाजू फेकली जाते.

मऊ, खोल बर्फात, चिखलात, खड्ड्यात एक चाक अधांतरी असताना लॉक सोन्यासारखा आहे. गुळगुळीत बर्फावर आणि वळणावर नाही. आणि ब्रेकला तर फोर व्हीलचा आणि लॉकचा काडीचा उपयोग नाही. कोरड्या डांबरावर ताशी ४० किलोमीटरवरून गाडी साधारण ८ ते ९ मीटरमध्ये थांबते, बर्फाच्या काचेवर घर्षण त्याच्या सातआठ पटीने कमी असतं म्हणजे तीच गाडी ६० मीटरच्या पुढे जाते, ही ब्रेक दाबल्यानंतरची अंतरं आहेत, विचार करायचा वेळ वेगळा. त्यातही शून्य अंशाच्या आसपासचा, वर पाण्याचा थर असलेला बर्फ सगळ्यात वाईट, उणे २० चा कडक बर्फ त्यापेक्षा बरा धरतो. सकाळी चांगली धरलेली गाडी दुपारी ऊन पडल्यावर घसरायला लागली तर लॉक बिघडलेला नसतो, बर्फ बदललेला असतो.

पाचवं: टायर

हे लोक शेवटी बघतात, मी आधी बघतो. हवा दर ५-६ अंशांना जवळपास १ पीएसआयने कमी होते, म्हणजे ३० अंशात ३२ पीएसआय भरलेला टायर उणे १० मध्ये २६ च्या आसपास येतो, आणि एका बाजूला जरा हळू गळती असेल तर दोन चाकांत फरक पडतो. वेगळ्या हवेचा, कमीजास्त झिजलेला किंवा वेगळ्या मापाचा टायर वेगळ्या वेगाने फिरतो, मग सरळ रस्त्यावरही लॉकमध्ये पीळ भरत राहतो आणि "सुटत नाही" ही तक्रार परत परत येते. एका गाडीवर आम्ही दोन वेळा वायरिंग तपासलं आणि शेवटी निघालं काय तर पंक्चर झाल्यावर लावलेली स्टेपनी, कोरी करकरीत, बाकीचे तीन निम्मे झिजलेले. चारही टायर एका मापाचे आणि साधारण एकाच झिजेचे हवेत, हवा थंड टायरवर मोजायची.

पकडीसाठी टायरच्या कडेला तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाची खूण बघा, नुसतं एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असणं पुरेसं नाही. नक्षी ४ मिलिमीटरच्या खाली गेली की बर्फात तो टायर माझ्या लेखी संपला. वाईट टायरवर लॉक लावणं म्हणजे दोन घसरणारी चाकं एकत्र बांधणं. उघड्या बर्फाच्या काचेवर चेन लागतातच, त्याला पर्याय नाही.

सहावं: फ्यूज, बॅटरी, कनेक्टर

दिवाच लागत नसेल तर फ्यूज आणि रिले बघा, दहा मिनिटांचं काम. इंजिन बंद असताना बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर आधी चार्ज करा, थंडीत तिची ताकद तशीही कमी झालेली असते आणि लॉकच्या मोटरला किंवा कॉइलला पूर्ण व्होल्टेज लागतं.

मग गाडीखाली जा. डिफच्या हाऊसिंगवर जाणारा कनेक्टर हा माझ्या अनुभवात नंबर एकचा गुन्हेगार आहे. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्याचं पाणी तिथे उडतं, वाळतं, परत भिजतं. कनेक्टर वरून चांगला दिसतो. क्लिप दाबून ओढला की आत पिनांवर हिरवट पांढरी भुकटी, कधी कधी पिन इतकी खाल्लेली की नखाने तुटते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, मऊ ब्रशने घासायचं, पूर्ण वाळू द्यायचं, डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं, पाणी अडवणारं ग्रीस) भरून बंद करायचा, आणि आतलं रबरी सील फाटलं असेल तर तेही बदलायचं, नाहीतर दोन महिन्यांत परत तेच. अर्थचा बोल्ट सोडून घासून परत बसवा. हार्नेस (वायरींचा जुडगा) पुढपर्यंत हाताने चाचपत जा, बर्फाचा गोळा चाकाच्या खाचेत गोठून वायर ओढली जाते आणि क्लिपपाशी आतून तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत.

दिवा स्थिर आहे पण एकच चाक फिरतंय, किंवा लॉक सुटलाय तरी दिवा जळतोय, तर दिव्याला खबर देणारा पोझिशन स्विच तपासा. तो हाऊसिंगवर वेगळा असतो, स्वस्त असतो, आणि तो खोटं बोलत असेल तर बाकी सगळं चांगलं असूनही तुम्ही भलतीकडेच शोधत बसाल.

सातवं: हवेवरचा लॉक असेल तर नळी

एअर लॉकर सकाळी लागत नाही आणि दुपारी लागतो, तर नळीतलं पाणी गोठलंय हा माझा पहिला संशय. कॉम्प्रेसर दमट हवा खेचतो, दाबाखाली पाणी सुटतं, रात्री ते सोलेनॉइडपाशी (हवा सोडणारा-अडवणारा विजेचा व्हॉल्व्ह) किंवा नळीच्या खोलगट भागात बर्फ होऊन बसतं. उलटंही होतं, लॉक बंद केल्यावर हवा बाहेर पडायचा रस्ता गोठतो आणि लॉक सुटत नाही. टाकी असेल तर तिचा ड्रेन उघडून पाणी काढा, हे हिवाळ्यात दर फेरीनंतर करायचं. सोलेनॉइड कोमट कापडाने शेका. त्यावर उकळतं पाणी ओतू नका आणि आगीची ज्योत तर जवळही नेऊ नका, नळी प्लास्टिकची असते.

मग आवाज ऐका. इग्निशन ऑन, लॉक ऑन, इंजिन बंद. कॉम्प्रेसर थोडा वेळ चालून गप्प बसायला हवा. थांबतच नसेल किंवा दर मिनिटाला परत सुरू होत असेल तर गळती आहे, जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील. बाहेर कुठेच गळत नाही आणि तरी दाब टिकत नाही, उलट डिफच्या ब्रीदरमधून फुसफुस येते किंवा सोलेनॉइडपाशी तेल येतं, तर आतलं सील गेलंय, ते गाडीखाली झोपून होणारं काम नाही.

आठवं: ब्रीदर आणि तेल

ब्रीदर म्हणजे डिफच्या हाऊसिंगचं श्वास घ्यायचं छोटं टोक. गरम झालेला डिफ बर्फाच्या पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ओढ निर्माण होते. ब्रीदर चिखलाने किंवा बर्फाने बंद असेल तर ती ओढ सीलमधून पाणी आत घेते. तेच पाणी रात्री आत गोठतं आणि सकाळी लॉकचा काटा (दाते सरकवणारा आतला भाग) हलत नाही. ब्रीदरची नळी काढून फुंकर मारून बघा, मोकळी वाटली पाहिजे, आणि नळी वर इंजिनच्या खोलीपर्यंत नेलेली असेल तर उत्तम.

तेलासाठी आधी भरायचा प्लग सोडा, मग खालचा. उलट केलंत आणि वरचा जाम निघाला तर रिकामा डिफ घेऊन बसाल. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय, बदलायचं, आणि पाणी आलं कुठून ते शोधायचं. तेलाचा ग्रेड बघा: ७५डब्ल्यू तेलाला उणे ४० पर्यंत, ८०डब्ल्यू ला उणे २६ पर्यंत आणि ८५डब्ल्यू ला फक्त उणे १२ पर्यंत ठरावीक पातळ राहावं लागतं. म्हणजे कोणी उन्हाळ्यात टोइंगसाठी ८५डब्ल्यू-१४० भरलं असेल आणि तुम्ही उणे २० मध्ये लॉक लावताय तर ते डांबरातून चमचा ओढण्यासारखं आहे, लॉक उशिरा लागणार आणि उशिरा सुटणार. सकाळी त्रास आणि अर्ध्या तासाने ठीक, या लक्षणाचं गोठलेल्या पाण्यानंतरचं कारण हेच. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला ग्रेडच भरा.

ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर राखाडी मऊ लेप असणं नॉर्मल आहे. बोटाला टोचणारे तुकडे, चकाकते पापुद्रे, दात्याचा तुकडा दिसला तर इथेच थांबा.

नववं: चाकं उचलून चाचणी

हे फक्त सपाट, कोरड्या काँक्रीटवर, बर्फावर कधीही नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, मागचा ॲक्सल जॅकने उचलून स्टँडवर, नुसत्या जॅकवर नाही. हँडब्रेक मागच्या चाकांवर असेल तर तो सोडलेला. गाडी गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये, लॉक फोर लोमध्येच लागत असेल तर फोर लो, इंजिन बंद, फक्त इग्निशन ऑन. लॉक काढलेला असताना एक चाक हाताने फिरवा, दुसरं उलट दिशेने फिरेल. आता लॉक लावा, चाक हळूहळू फिरवा, टक आवाज येईल आणि चाक दोन्हीकडे घट्ट होईल, शाफ्टमधला थोडा हलका खेळ सोडला तर फिरणार नाही. लॉक काढला की परत मोकळं. इंजिनवर चालणाऱ्या व्हॅक्यूमचा लॉक असेल तर ही चाचणी घरी करूच नका. इंजिन चालू, गाडी स्टँडवर आणि डिफ लॉक, यात एक चाक जरी जमिनीला टेकलं तरी गाडी स्टँडवरून उडी मारते.

इथे लॉक नीट लागला आणि सुटला तर डिफ चांगला आहे, परत वर जा, तुमचं काहीतरी पहिल्या पाच पायऱ्यांतच सुटलंय. वीज किंवा हवा पोचतेय आणि तरी घट्ट होत नाही, तर मोटर, कॉइल, काटा किंवा सील.

इथे थांबा आणि जाणकार मेकॅनिक बोलवा

बाहेरून बोल्टने बसलेली ॲक्च्युएटर मोटर (लॉक लावणारी-काढणारी) तुम्ही बदलू शकता, सोबत गॅस्केट नवीन. त्यापुढे हाऊसिंगचं झाकण उघडून कॅरिअर (डिफचा आतला फिरणारा गाभा) काढायची वेळ आली की थांबा. क्राउन आणि पिनियन या डिफच्या दोन मुख्य गिअरमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात डायल गेजने मोजून बसवतात, बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे बसवतानाचा दाब, वेगळा. चुकलं तर पहिल्या दिवशी काहीच कळत नाही, काही दिवसांनी स्पीडला हुंकार येतो आणि मग दाते जातात.

तेलात धातूचे तुकडे, वळणावर दर वेळी धाडधाड, गरम डिफचा जळका वास, एकाच चाकापाशी तेलाची गळती, फ्यूज बदलला की लगेच परत उडतो, एबीएसचा दिवा लॉक काढल्यावरही जात नाही, यातलं एक जरी असेल तर पुढचं काम स्वतः करू नका.

लॉक लागलेल्या अवस्थेत कायमचा अडकला असेल तर ती गाडी चालवत नेऊ नका, विशेषतः पुढचा लॉक असेल तर. फ्लॅटबेडवर चढवून न्या, चारही चाकं उचललेली. मदत येईपर्यंत गाडी वळणावर किंवा उतारावर उभी असेल तर माणसं गाडीत बसवून ठेवू नका, त्यांना रस्त्याच्या वरच्या बाजूला, येणाऱ्या गाड्यांच्या रेषेपासून लांब थांबवा. कुठलीही गाडी तुमच्यामागून येऊन त्याच बर्फावर घसरू शकते, म्हणून त्रिकोण नेहमीपेक्षा खूप मागे ठेवा. सायलेन्सर बर्फात बुडलेला असेल तर हीटरसाठी इंजिन चालू करायच्या आधी त्याचं तोंड उकरून मोकळं करा, नाहीतर धूर गाडीत शिरतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मेकॅनिकला फोन करताना "लॉक गेला" एवढंच सांगू नका. दिवा लुकलुकतोय की स्थिर आहे की नाहीच, थंडीत होतं की कायम, लागत नाही की सुटत नाही, वरच्या कुठल्या पायऱ्या तुम्ही केल्यात आणि तेलाचा रंग काय होता, हे सगळं सांगा. आणि शक्य असेल तर तो लुकलुकणारा दिवा व्हिडिओत घ्या, कारण गाडी गरम वर्कशॉपमध्ये पोचली की नळीतला बर्फ वितळलेला असतो आणि लॉक पहिल्याच बटणाला लागतो.